अपग्रेडनंतर ‘नवीन मेल’च्या खोट्या सूचना येतात? कोणत्या क्रमाने तपासायचे

ईमेल प्रोग्रॅम अपग्रेड होतो आणि त्याच दिवसापासून कोपऱ्यात ‘नवीन मेल’ची खिडकी वर येऊ लागते. इनबॉक्स उघडून पाहावे तर नवे काहीच नाही. दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

माझ्याकडे ही तक्रार येते तोवर बहुतेकांचे तीन उपाय करून झालेले असतात. प्रोग्रॅम काढून पुन्हा इन्स्टॉल केलेला असतो. अकाउंट डिलीट करून नव्याने जोडलेले असते. तरीही फरक पडला नाही म्हणून शेवटी नोटिफिकेशनच बंद केलेले असते. पहिल्या उपायाने काही बिघडत नाही, पण सुधारतही नाही. प्रोग्रॅम काढला तरी तुमचे मेल, सेटिंग आणि बिघडलेल्या नोंदी वेगळ्या प्रोफाइल फोल्डरमध्ये तशाच राहतात आणि पुन्हा इन्स्टॉल केलेला प्रोग्रॅम त्याच उचलतो. दुसऱ्या उपायात मेल कायमचे जाऊ शकतात. तिसऱ्यात खरा मेल आला तरी कळत नाही.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी नुसते बघायचे, मग परत फिरवता येतील असे बदल करायचे, आणि फाइलला हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी. उदाहरणे मुख्यतः थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमची आहेत, कारण त्याच्या फाइल उघड दिसतात. आउटलुक (विंडोजवरचे ‘क्लासिक’) आणि ॲपल मेल जिथे वेगळे वागतात तिथे तसे लिहिले आहे.

## प्रोग्रॅमला ‘नवीन’ कसे कळते

एवढे समजले की पुढच्या पायऱ्यांचे कारण लक्षात येईल.

आयमॅप अकाउंटमध्ये, म्हणजे जिथे मेल सर्व्हरवरच राहतात तिथे, प्रत्येक फोल्डरमधल्या प्रत्येक मेलला सर्व्हर एक क्रमांक देतो. हा क्रमांक वाढतच जातो. प्रोग्रॅम आपल्याकडे नोंद ठेवतो की या फोल्डरमध्ये आपण अमुक क्रमांकापर्यंत पोहोचलो आहोत. त्यापुढचा क्रमांक दिसला आणि मेल न वाचलेला असला की सूचना येते. फोल्डरलाही स्वतःचा एक ओळख-आकडा असतो. तो सर्व्हरने बदलला तर आधीचे सगळे क्रमांक रद्द समजायचे आणि यादी पुन्हा आणायची, असा आयमॅपचा नियमच आहे.

पॉप अकाउंटमध्ये मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेतले जातात आणि सर्व्हरवरचे फोल्डर प्रोग्रॅमला दिसत नाहीत. तिथे प्रोग्रॅम उतरवून घेतलेल्या मेलच्या खुणांची यादी एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो.

अपग्रेडमध्ये गडबड होते ती बहुधा या नोंदींची. नवी आवृत्ती जुनी नोंद वाचताना अडखळते, किंवा अपग्रेडच्या वेळी प्रोग्रॅम मध्येच बंद पडल्याने नोंद अर्धवट राहते. मग जुने मेल नवे वाटू लागतात, किंवा नसलेला मेल मोजला जातो. मेल सहसा जागच्या जागी शाबूत असतात. म्हणून घाईने काही डिलीट करायचे कारण नाही.

## टप्पा १ : अर्धा दिवस नुसते बघा

या टप्प्यात काहीही बदलायचे नाही. कागद घ्या आणि पुढच्या पाच-सहा खोट्या सूचनांची नोंद करा: वेळ, खिडकीत दिसलेले अकाउंट, पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय, त्या क्षणी कोणत्या फोल्डरचे नाव ठळक अक्षरात होते, आणि नावापुढे किती आकडा होता.

नोंद पाहिली की तुमचा प्रकार ओळखता येतो.

अ. सूचनेत विषय आणि नाव दिसते, पण तो मेल इनबॉक्समध्ये नाही. म्हणजे मेल खरा आहे, तो दुसरीकडे गेला आहे.

आ. सूचनेत जुन्याच मेलचा विषय दिसतो. म्हणजे क्रमांकाची नोंद बिघडली आहे, किंवा पॉपची यादी हरवली आहे.

इ. सूचनेत नुसतेच ‘१ नवीन मेल’, नाव-विषय काही नाही, आणि फोल्डरपुढचा आकडा शून्यावर येतच नाही. हा बहुधा इंडेक्सचा, म्हणजे फोल्डरच्या अनुक्रमणिकेचा, दोष असतो, किंवा लपलेल्या मेलचा.

ई. आवाज येतो, खिडकी नाही. किंवा खिडकी येते ती ओळखीची नाही. सूचना दुसराच कोणी देत आहे.

वेळेकडे नीट लक्ष द्या. सूचना बरोबर दर दहा मिनिटांनी येत असेल तर ती प्रोग्रॅमच्या ठरलेल्या तपासणीशी जोडलेली आहे. थंडरबर्डमध्ये दहा मिनिटे हीच मुळातली सेटिंग असते. वेडीवाकडी, केव्हाही येत असेल तर सर्व्हरवर खरोखर काहीतरी हलते आहे.

तपासा: नोंदीत एकच फोल्डर वारंवार दिसतो का? दिसत असेल तर पुढचे बरेच काम त्या एका फोल्डरपुरतेच उरते.

## टप्पा २ : प्रोफाइलची प्रत

थंडरबर्डमध्ये मेनूतून हेल्प, मग ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा. तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’च्या ओळीत फोल्डर उघडायचे बटण आहे. फोल्डर उघडला की आधी थंडरबर्ड पूर्ण बंद करा, मगच तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. प्रोग्रॅम चालू असताना घेतलेली प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी निघू शकते, आणि गरज पडेल तेव्हा ती उघडणार नाही.

आउटलुकमध्ये अकाउंट सेटिंगमधल्या ‘डेटा फाइल्स’ या टॅबवर फाइलची जागा मिळते. शेवटी पीएसटी असलेली फाइल म्हणजे प्रत्यक्ष मेल; ती कधीही डिलीट करायची नाही. शेवटी ओएसटी असलेली फाइल ही सर्व्हरवरच्या मेलची या संगणकावरची प्रत. तरीही तिचाही बॅकअप घ्या, कारण आयमॅप अकाउंटमध्ये ‘फक्त या संगणकावर’ अशी खूण असलेली कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट त्याच फाइलमध्ये राहतात आणि सर्व्हरवर त्यांचा पत्ता नसतो.

सावधान: कॉपी पुरी झाल्यावर मूळ फोल्डरचा आणि प्रतीचा आकार ताडून पाहा. कॉपी ‘झाली असेल’ असे धरून पुढे जाऊ नका. ज्यांचे मेल गेलेले मी पाहिले आहेत, त्यातल्या जवळपास प्रत्येकाने बॅकअप घेतला होता असे सांगितले होते, आणि फोल्डर उघडला तर आत निम्म्याच फाइल होत्या.

## टप्पा ३ : सूचना नेमका कोण देतो?

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. अपग्रेड नुकताच झालेला असतो, म्हणून दोष त्याचाच असे धरले जाते.

१. ईमेल प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. नुसती खिडकी बंद करणे पुरेसे नाही, कारण काही प्रोग्रॅम घड्याळाशेजारच्या आयकॉनमध्ये चालूच राहतात. टास्क मॅनेजरमध्ये, मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये, त्याचे नाव उरलेले नाही याची खात्री करा.

२. अर्धा तास थांबा. प्रोग्रॅम बंद असतानाही सूचना आली, तर तो दोषी नाही. ब्राउझरमध्ये वेबमेलला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, संगणकासोबत आलेल्या मेल ॲपमध्ये तेच अकाउंट कधीतरी जोडून ठेवलेले असते, किंवा मेल तपासणारे एखादे जुने छोटे ॲप सुरुवातीलाच चालू होत असते. सूचनेच्या खिडकीवर बारीक अक्षरात ॲपचे नाव असते, ते वाचा.

३. बंद असताना सूचना आली नाही, तर प्रोग्रॅम उघडा आणि ऑफलाइन करा. थंडरबर्डमध्ये फाइल मेनूत ऑफलाइन, मग वर्क ऑफलाइन. पुन्हा अर्धा तास थांबा.

ऑफलाइन असतानाही ‘नवीन मेल’ची सूचना आली, तर दोष शंभर टक्के तुमच्या संगणकावर आहे. सर्व्हरशी बोलणे बंद आहे, तेव्हा नवे काही कळायचा मार्गच नाही. अशा वेळी चार आणि पाच क्रमांकाचे टप्पे वरवर पाहून थेट सहाव्यावर जा. ऑफलाइन शांतता असेल तर क्रमाने पुढे चला.

अर्धा तास का? दहा मिनिटांची तपासणी असेल तर त्यात तीन फेऱ्या होतात. एका फेरीवरून निष्कर्ष काढला की फसगत होते. पुढेही प्रत्येक बदलानंतर एवढेच थांबायचे आहे, आणि एका वेळी एकच बदल करायचा आहे. दोन बदल एकदम केले आणि सूचना थांबली, तर कशाने थांबली ते कळत नाही, आणि पुढच्या अपग्रेडला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

## टप्पा ४ : वेबमेल उघडून आकडे जुळवा

ब्राउझरमध्ये त्याच अकाउंटचे वेबमेल उघडा. प्रोग्रॅम आणि वेबमेल शेजारी-शेजारी ठेवा आणि प्रत्येक फोल्डरचा न वाचलेला आकडा जुळवा.

वेबमेलमध्येही तो ‘१’ दिसत असेल तर मेल खरा आहे आणि तो शोधायचा आहे. टप्पा ५ त्यासाठीच आहे. वेबमेलमध्ये शून्य आणि प्रोग्रॅममध्ये १ असेल तर प्रोग्रॅमची नोंद चुकली आहे. फोल्डरची नावे कागदावर लिहून ठेवा, टप्पा ८ मध्ये लागतील.

## टप्पा ५ : लपलेला मेल शोधा

‘खोटी’ वाटणारी सूचना इथे खरी ठरते असे फार वेळा होते. अपग्रेडने मांडणी बदललेली असते आणि मेल डोळ्यांसमोरून बाजूला गेलेला असतो. थंडरबर्डच्या ११५ क्रमांकाच्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, फोल्डरची पट्टी आणि मेलची यादी दोन्हींची मांडणी बदलली. तिथून पुढे आलेल्या माणसाला आधीचे फोल्डर आधीच्या जागी सापडत नाहीत.

पुढील जागा एकेक करून पाहा:

- फिल्टरची पट्टी. यादीच्या वरच्या क्विक फिल्टरमध्ये एखादे बटण दाबलेले राहिले असेल तर निम्मे मेल दिसतच नाहीत. सगळी बटणे सोडवा.
- तारखेचा घोळ. पाठवणाऱ्याच्या संगणकाचे घड्याळ चुकलेले असेल तर आजचा मेल १९७० सालच्या तारखेने येऊन यादीच्या तळाशी बसतो. यादी ‘डेट’ऐवजी ‘रिसीव्हड’ या कॉलमने लावा.
- मिटलेला थ्रेड, म्हणजे एकाच विषयाच्या मेलची साखळी. जुन्या संभाषणात नवे उत्तर आले आणि थ्रेड मिटलेला असेल तर वर फक्त जुना विषय दिसतो. सगळे थ्रेड उघडा. दुर्लक्षित करून ठेवलेल्या थ्रेडमध्ये मेल लपून राहतात, तेही पाहा.
- आत दडलेले उपफोल्डर. फोल्डरच्या पट्टीचा मोड बदलून फक्त ‘अनरेड’ फोल्डर दाखवा. कधी न उघडलेला एखादा उपफोल्डर हमखास वर येतो.
- खोडलेले पण काढलेले नाहीत असे मेल. आयमॅपमध्ये ‘डिलीट केल्यावर फक्त खूण करा’ अशी सेटिंग असेल तर मेल फोल्डरमध्येच राहतो. तो न वाचता खोडला असेल तर तो मोजलाही जाऊ शकतो.

जीमेलचे अकाउंट आयमॅपने जोडले असेल तर आणखी एक गोष्ट. जीमेलमध्ये फोल्डर नसून लेबल असतात. एकाच मेलला दोन लेबले असली की प्रोग्रॅमला तो मेल दोन फोल्डरमध्ये दिसतो, आणि ‘ऑल मेल’मध्ये तिसऱ्यांदा. अपग्रेडनंतर ‘ऑल मेल’सुद्धा तपासायच्या यादीत आला, तर इनबॉक्समध्ये वाचून झालेल्या मेलचीही पुन्हा सूचना येऊ शकते. यावर उपाय सर्व्हरकडून करा: जीमेलच्या वेबवरील सेटिंगमध्ये लेबलांच्या यादीत ‘ऑल मेल’पुढची ‘शो इन आयमॅप’ ही खूण काढा. मेल कुठेही जात नाहीत, फक्त तो फोल्डर प्रोग्रॅमला दिसेनासा होतो.

बाकीच्या अकाउंटसाठी संशयित फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘या अकाउंटचे नवे मेल आणताना हा फोल्डर नेहमी तपासा’ अशा अर्थाची खूण तिथे असते. जंक, ट्रॅश, जुन्या नोंदींचे फोल्डर यांच्यापुढे ती असेल तर काढा.

तपासा: दुसऱ्या अकाउंटवरून स्वतःला एक मेल पाठवा आणि विषयात ‘चाचणी’ आणि नेमकी वेळ लिहा. खऱ्या मेलची सूचना एकदाच आणि बरोबर येते ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. खोटी सूचना थांबवताना खरी बंद पडली तर काम फसले.

## टप्पा ६ : ॲड-ऑन बाजूला ठेवून पाहा

नोटिफिकेशन सुधारणारी, आयकॉनवर आकडा दाखवणारी, मेल परस्पर फोल्डरमध्ये हलवणारी ॲड-ऑन, म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडलेली छोटी साधने, अपग्रेडनंतर अर्धवट चालतात. थंडरबर्डमध्ये हेल्प मेनूत ट्रबलशूट मोड आहे. तो निवडला की ॲड-ऑन बंद ठेवून प्रोग्रॅम पुन्हा सुरू होतो. आउटलुक सुरू करताना कंट्रोलचे बटण दाबून धरले की सेफ मोडबद्दल विचारणा होते.

या मोडमध्ये अर्धा तास शांत गेला, तर नेहमीच्या मोडमध्ये परत या आणि ॲड-ऑन एकेक करून बंद करा. ट्रबलशूट मोडच्या पहिल्या खिडकीत ‘सगळी सेटिंग मूळ स्थितीत आणा’ यासारखे पर्याय असतात. त्यांना हात लावू नका. इथे फक्त बघायचे आहे.

## टप्पा ७ : फिल्टर आणि जंक

प्रकार ‘अ’चे उत्तर बहुधा इथेच मिळते. मेल इनबॉक्समध्ये येतो, सूचना वर येते, आणि मग जंक ओळखणारी यंत्रणा तो उचलून जंकमध्ये टाकते. तुम्ही खिडकीवर क्लिक करेपर्यंत इनबॉक्स रिकामा असतो. म्हणून आधी जंक फोल्डर उघडा आणि तुमच्या कागदावरच्या वेळा तिथल्या मेलच्या वेळांशी जुळवा. दोन-तीन वेळा जुळल्या की शंका मिटली.

जंकमध्ये नसेल तर टूल्स मेनूतल्या मेसेज फिल्टर्समध्ये जा आणि फिल्टर लॉग चालू करा. कोणत्या फिल्टरने कोणता मेल कधी हलवला हे त्यात ओळीने लिहिले जाते. फिल्टर मेल हलवत असेल आणि ‘वाचलेला’ अशी खूणही करत असेल, तर सूचना येऊन मेल गायब झाल्यासारखे वाटणारच.

आता एक कारण, जे पटकन सुचत नाही. हेच अकाउंट दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवरही असेल आणि तिथे फिल्टर चालत असतील, तर मेल तिथून हलवला जातो. आधी तुमचा प्रोग्रॅम दहा मिनिटांनी तपासत असेल, तर तो बघायला येईपर्यंत मेल हललेला असायचा आणि तुम्हाला काही कळायचेच नाही. सर्व्हरकडून ताबडतोब सूचना घ्यायची सेटिंग आता चालू झाली असेल, तर तुमच्या प्रोग्रॅमला मेल येताक्षणी कळते आणि काही सेकंदांत तो नाहीसा होतो. दोन्ही यंत्रे बरोबर वागत असतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे दुसरा संगणक बंद ठेवला की खोट्या सूचना थांबतात. उपाय म्हणजे ते फिल्टर वेबमेलमध्ये, सर्व्हरवरच लावणे. मग मेल इनबॉक्सला शिवतच नाही.

## टप्पा ८ : फोल्डरची इंडेक्स दुरुस्त करा

इथपर्यंत काही सापडले नाही, आणि टप्पा ४ मध्ये वेबमेल शून्य, प्रोग्रॅम १ असे दिसले असेल, तर इंडेक्स बिघडली आहे असे समजा.

इंडेक्स म्हणजे फोल्डरची अनुक्रमणिका. प्रोफाइलमध्ये आयमॅप अकाउंटचे फोल्डर ‘आयमॅपमेल’मध्ये असतात, पॉपचे आणि स्थानिक फोल्डर ‘मेल’मध्ये. एखाद्या अकाउंटच्या आत गेलात की फाइलींच्या जोड्या दिसतात. माझ्या संगणकावर ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे एक्स्टेन्शन नसलेली फाइल जवळपास दोन जीबीची आहे आणि तिच्याशेजारची ‘इनबॉक्स डॉट एमएसएफ’ काही एमबीची. मोठी फाइल म्हणजे प्रत्यक्ष मेल. छोटी, एमएसएफवाली, म्हणजे अनुक्रमणिका: कोणता मेल कुठून सुरू होतो, वाचला का, किती न वाचलेले. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तर पुस्तकावरून ती पुन्हा करता येते. पुस्तकच फेकले तर काही करता येत नाही.

पहिली पायरी, प्रोग्रॅमच्या आतून. संशयित फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘रिपेअर फोल्डर’. फोल्डर मोठा असेल तर वेळ लागतो. खालच्या पट्टीवरची हालचाल थांबेपर्यंत काही करू नका. यानंतर तुम्ही लावलेली कॉलमची मांडणी आणि क्रम जाऊन मूळ सेटिंग परत येऊ शकते, एवढेच. सगळे फोल्डर एकदम रिपेअर करत सुटू नका. कागदावर ज्यांची नावे आहेत तेवढेच करा.

दुसरी पायरी, पहिलीने भागले नाही तरच. प्रोग्रॅम बंद करा. त्या फोल्डरची एमएसएफ फाइल प्रोफाइलच्या बाहेर, डेस्कटॉपवर, हलवा. प्रोग्रॅम उघडा, फोल्डरवर क्लिक करा, नवी इंडेक्स तयार होईल.

सावधान: एमएसएफ फाइल तिथल्या तिथे नाव बदलून ठेवू नका. ‘मेल’मधल्या, एमएसएफ नसलेल्या कोणत्याही फाइलला थंडरबर्ड मेलचा फोल्डर समजू शकतो, आणि तुमच्या यादीत एक विचित्र नावाचा नवाच फोल्डर उगवतो. संगणक एक्स्टेन्शन लपवत असेल तर ती आधी दाखवायला लावा. चुकून मोठी फाइल उचलली जाण्याचे ते सगळ्यात मोठे कारण आहे.

तिसरी पायरी. फोल्डर उघडल्यावर आकडा बरोबर, पण डावीकडच्या पट्टीत चुकीचा राहत असेल, तर प्रोग्रॅम बंद करून प्रोफाइलमधली ‘फोल्डरकॅश डॉट जेसन’ ही फाइल बाहेर हलवा. पट्टीवर दाखवायचे आकडे तिच्यात साठवलेले असतात आणि ती पुन्हा आपोआप तयार होते.

‘कॉम्पॅक्ट’, म्हणजे फोल्डरच्या फाइलमधली जागा मोकळी करणे, नेहमी या सगळ्यानंतर. कॉम्पॅक्ट करताना खोडलेले मेल कायमचे काढले जातात, आणि कोणता मेल खोडलेला आहे हे ठरवायला योग्य नोंद लागते. बिघडलेल्या इंडेक्सच्या भरवशावर कॉम्पॅक्ट करणे म्हणजे चुकीच्या यादीवरून कपाट रिकामे करणे. आधी रिपेअर, मग आकडे जुळवणे, मग कॉम्पॅक्ट.

आउटलुकमध्ये पीएसटी फाइलसाठी ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचे साधन सोबतच येते. ओएसटी असेल तर आउटलुक बंद करून फाइलचे नाव बदला. उघडल्यावर नवी तयार होते आणि मेल सर्व्हरवरून उतरतात. ॲपल मेलमध्ये फोल्डर निवडून मेलबॉक्स मेनूतले ‘रीबिल्ड’ वापरा. तिथेही सर्व्हरवरचे मेल पुन्हा उतरवले जातात, त्यामुळे मोठ्या फोल्डरला रात्रीची वेळ द्या.

आणि रिपेअर केल्यावर दोन-तीन दिवसांत तोच फोल्डर पुन्हा बिघडत असेल, तर अँटीव्हायरस प्रोफाइलमधल्या फाइल धरून ठेवतो का ते बघा. प्रोग्रॅम लिहीत असतानाच अँटीव्हायरसने फाइल अडवली की नोंद अर्धी राहते.

## टप्पा ९ : अकाउंट पॉप असेल तर

प्रकार ‘आ’ आणि पॉप अकाउंट, ही जोडी असेल तर गोष्ट वेगळी आहे. सर्व्हरवर मेल ठेवायची सेटिंग चालू असेल तर थंडरबर्ड कोणते मेल आधीच घेतले याची यादी ‘पॉपस्टेट डॉट डॅट’ या फाइलमध्ये ठेवतो. ती हरवली किंवा वाचता आली नाही की सर्व्हरवरचे सगळे मेल पुन्हा उतरतात, दुहेरी, आणि प्रत्येकाची सूचना येते.

असे एकदाच झाले असेल तर यादी नव्याने तयार झालेली असते. फक्त दुहेरी मेल काढायचे राहतात. ते सावकाश काढा, आणि काढण्याआधी ‘सर्व्हरवर ठेवा, मी डिलीट करेपर्यंत’ ही सेटिंग काय आहे ते बघा. ती चालू असताना तुम्ही इथे डिलीट केलेला मेल सर्व्हरवरूनही जातो. दुहेरी समजून काढलेला मेल सगळीकडूनच गेला, असे होऊ नये म्हणून साफसफाई होईपर्यंत ती खूण काढून ठेवा आणि नुसते ‘सर्व्हरवर ठेवा’ एवढेच राहू द्या.

प्रत्येक तपासणीला सगळे मेल पुन्हा उतरत असतील, तर ती फाइल लिहिलीच जात नाही. डिस्क भरली आहे का आणि त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे का, या दोन गोष्टी पाहा.

सावधान: पॉप अकाउंट प्रोग्रॅममधून काढून पुन्हा जोडू नका. काढताना मेलचा डेटाही काढायचा का असे विचारले जाते, आणि सर्व्हरवर प्रत नसेल तर घाईत केलेली ती एक खूण परत फिरवता येत नाही. एका ओळखीच्या बाईंची आठ वर्षांची पत्रे अशीच गेली. सर्व्हरवर शेवटच्या १४ दिवसांचेच मेल उरले होते.

## टप्पा १० : नवे प्रोफाइल, जुने न मोडता

एवढे करूनही सूचना येत असतील तरच इथे या. ब्राउझरप्रमाणेच थंडरबर्डलाही एकापेक्षा जास्त प्रोफाइल ठेवता येतात. ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या पानावरून प्रोफाइलच्या यादीत जा, नवे तयार करा आणि त्यात फक्त एक आयमॅप अकाउंट जोडा. ॲड-ऑन नाही, फिल्टर नाही. जुन्याला हात लावू नका.

नवे प्रोफाइल दिवसभर शांत राहिले तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे, आणि आयमॅपचे सगळे मेल सर्व्हरवर असल्याने नव्यात स्थलांतर करणे सोपे आहे. स्थानिक फोल्डर, फिल्टर आणि कॉन्टॅक्ट मात्र स्वतःहून येत नाहीत; ते वेगळे न्यावे लागतात. नव्यातही खोटी सूचना आली, तर ती या आवृत्तीची किंवा सर्व्हरची चूक आहे आणि तुमच्या हातात दुरुस्ती नाही.

अशा वेळी ‘जुनी आवृत्ती परत टाकू’ असे वाटते. नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती सरळ उघडत नाही, आणि जबरदस्तीने उघडायला लावले तर नोंदी आणखी बिघडू शकतात. परत जायचेच असेल तर अपग्रेडच्या आधी घेतलेली प्रोफाइलची प्रत हवी. टप्पा २ मध्ये घेतलेली प्रत इथे उपयोगी नाही, ती अपग्रेडनंतरची आहे.

## टप्पा ११ : तक्रार नोंदवताना

दोष आवृत्तीचा असेल तर तो बनवणाऱ्यांना कळवा, आणि कागदावरची नोंद जशीच्या तशी द्या. ‘खोटी नोटिफिकेशन येतात’ एवढ्यावरून कोणाला काही शोधता येत नाही. उपयोगी पडते ते असे: कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर आलात, संगणकाची प्रणाली कोणती, आयमॅप की पॉप, ऑफलाइन असताना सूचना आली का, ट्रबलशूट मोडमध्ये आली का, नव्या प्रोफाइलमध्ये आली का, आणि वेबमेलचा आकडा त्या वेळी काय होता.

ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या पानावर सगळी माहिती एकदम कॉपी करायचे बटण आहे. ती कुठेही चिकटवण्याआधी एकदा वाचून बघा आणि त्यात सर्व्हरचे नाव किंवा तुमचा ईमेल पत्ता आला असेल तर तो खोडा. मेलचे विषय आणि पाठवणाऱ्यांची नावे असलेले स्क्रीनशॉट जोडणार असाल तर तेही झाका.

तोवर तात्पुरती सोय म्हणून खिडकी चालू ठेवा आणि फक्त आवाज बंद करा. सेटिंग्जमध्ये जनरलखाली ‘इनकमिंग मेल्स’ या भागात दोन्ही खुणा वेगवेगळ्या आहेत. आणि पुढचा सुधारित अपडेट आला की तो टाकण्याआधी, प्रोग्रॅम बंद करून, प्रोफाइलची नवी प्रत घ्या.